रात्री अकराला कुठे न्यायचं? नाशिकमध्ये कॅज्युअल्टी गाठण्याची तयारी, पायरीपायरीने

कॅज्युअल्टीच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाच्या, दारात मी सतरा वर्षं सिस्टर म्हणून उभी राहिले. स्ट्रेचर आत आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "काय झालं, कधी झालं?" त्यावर बहुतेक वेळा चार नातेवाईक एकदम बोलू लागायचे आणि नेमकी गोष्ट राहून जायची. पेशंटची पहिली पाच मिनिटं डॉक्टरांपेक्षा घरच्यांच्या हातात असतात, हे मी तिथे शिकले.

आणि तरी माझ्याच घरात चूक झाली. २०१६ च्या पावसाळ्यात सिडकोतल्या घरी बाबांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात लुळा पडला. मी ड्युटीवर होते. भावाने जवळचं, '२४ तास सेवा' अशी पाटी असलेलं हॉस्पिटल गाठलं. तिथे सीटी स्कॅन नव्हतं. मग रेफर चिठ्ठी, मग रिक्षा, मग दुसरं हॉस्पिटल. दीड तास गेला. बाबांना त्या हाताने आजही शर्टाचं बटण लावता येत नाही. त्या हॉस्पिटलला मी दोष देत नाही. कुठे काय मिळतं हे आम्हीच आधी कधी विचारलं नव्हतं. हा लेख त्या दीड तासापायी लिहिते आहे.

पहिलं काम दिवसाढवळ्या करायचं

परदेशात 'अर्जंट केअर' नावाचे दवाखाने असतात: मरणाची घाई नाही, पण सकाळपर्यंत थांबवत नाही, अशा दुखण्यांसाठी. आपल्याकडे ते काम तीन ठिकाणी विभागलंय. रात्री साडेनऊपर्यंत बसणारे आपले फॅमिली डॉक्टर, मग गल्लीतली दहा-वीस खाटांची हॉस्पिटलं, आणि शेवटी मोठ्या हॉस्पिटलची किंवा सिव्हिलची कॅज्युअल्टी. तिघांची कुवत वेगळी. पाटी मात्र पुष्कळदा सारखीच, '२४ तास'.

या पाटीचा अर्थ कुठे 'मेडिकल रात्रभर उघडं' एवढाच असतो, कुठे 'अ‍ॅडमिट पेशंटसाठी सिस्टर आहेत, डॉक्टर फोन केला की घरून येतात' असा असतो, आणि कुठे खरोखरच डॉक्टर इमारतीत जागे असतात. म्हणून एखाद्या रविवारी सकाळी घरापासून जवळच्या दोन-तीन ठिकाणी स्वतः जा. रिसेप्शनवर शांतपणे विचारा. रात्री दोन वाजता डॉक्टर इथेच असतात का? ईसीजी रात्री कोण काढतं? एक्स-रे आणि लॅब चालू असते का? सीटी स्कॅन इथे आहे की बाहेर पाठवता? लहान मुलांचे डॉक्टर रात्री येतात का? रोज फोन घेणारा माणूस असेल तर ही उत्तरं दोन मिनिटांत मिळतात. उत्तर देताना कुणी अडखळलं तर तेही उत्तरच समजा.

आणखी एक गोष्ट डोळ्यांनी बघून या. बरीच छोटी हॉस्पिटलं दुकानांच्या वर, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर आहेत. त्यांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का? पाय मोडलेल्या ऐंशी किलोच्या माणसाला जिन्याने चढवताना मी पाहिलंय, तेव्हापासून हा प्रश्न मी सगळ्यांना विचारायला सांगते.

सरकारी बाजूही माहीत हवी. त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हे अपघात, विषबाधा, सर्पदंश, भाजणं यांसाठी जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. महापालिकेची रुग्णालयं वेगळी: नाशिकरोडला बिटको, द्वारकेजवळ झाकीर हुसेन, पंचवटीत इंदिरा गांधी, सिडकोत मोरवाडीचं. शालिमारचं 'संदर्भ' हृदय, किडनी, कॅन्सर अशा मोठ्या आजारांसाठी आहे. तिथे मुख्यतः दुसरीकडून पाठवलेले पेशंट घेतात, रात्री पडून डोकं फुटलं तर तिथे धावायचं नाही. आडगावला मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालय आहे, पंचवटी-आडगाव नाक्याकडच्या आणि ओझर-पिंपळगावकडून येणाऱ्यांना ते सिव्हिलपेक्षा सोयीचं पडू शकतं.

हे सगळं एका कागदावर लिहा आणि फ्रिजला चिकटवा. वर घरचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण, कारण घाबरलेल्या शेजाऱ्याला आपला पत्ता सांगता येत नाही. खाली प्रत्येकाचं नाव, वय, आजार, रोजच्या गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी. लहान मुलांचं वजन जरूर लिहा आणि दर तीन-चार महिन्यांनी बदला. मुलांचा औषधाचा डोस वयावर ठरत नाही, वजनावर ठरतो.

थांबायचं, फॅमिली डॉक्टरांकडे जायचं, की थेट कॅज्युअल्टी?

साधा ताप, सर्दी, दोन-तीन जुलाब, मुरगळलेला पण टेकवता येणारा पाय, यांना सकाळ चालते. जुलाबात ओआरएस घोट घोट पाजत राहा. 'सलाईन लावा म्हणजे ताकद येईल' असा आग्रह मी हजारदा ऐकलाय. सलाईन म्हणजे मीठपाणी. तोंडाने पाणी पोटात टिकत असेल तर शिरेतून द्यायची गरज क्वचितच पडते. 'एक इंजेक्शन ठोका आणि मोकळं करा' असं डॉक्टरांना म्हणू नका. दडपणाखाली दिलेलं इंजेक्शन पेशंटच्या भल्याचं असतंच असं नाही.

टाके पडतील अशी जखम, हाडाची शंका, चोवीस तास टिकलेली उलटी, लघवीला होणारी असह्य आग आणि सोबत थंडी वाजून ताप, दम्याची धाप जी पंप घेऊन थोडी कमी झाली पण गेली नाही: ही मधली दुखणी. यांना जवळचं, रात्री डॉक्टर असलेलं हॉस्पिटल पुरतं.

आता ज्यांना एक मिनिटही थांबायचं नाही, ती.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. नाशिकमध्ये काय, सगळीकडेच याला आधी 'गॅस' म्हणतात, 'पित्त' म्हणतात, सोडा पितात आणि तास घालवतात. शुगर असलेल्यांना आणि बायकांना कित्येकदा छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. दारात पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. शेवटी नुसता गॅस निघाला तर बरंच झालं, उगाच आलात असं कुठलीही चांगली सिस्टर म्हणणार नाही.

तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोबडं बोलणं. हा झटका मेंदूचा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतोच. म्हणून इथे जवळचं हॉस्पिटल नव्हे, तर सीटी स्कॅन असलेलं जवळचं हॉस्पिटल. वेळ मोजायची ती लक्षात आल्यापासून नाही, तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथपासून. रात्री दहाला नीट झोपले आणि पहाटे पाचला असे आढळले, तर 'रात्री दहाला ठीक होते' असंच सांगा.

मुलाला तापात आकडी आली तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं यात वेळ जातो, दुसरं काही होत नाही. घड्याळ बघा. आकडी पाच मिनिटांवर गेली तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन.

आणि पावसाळ्यातला डेंगी. ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, पण धोक्याचे दिवस तिथूनच सुरू होतात. ताप कमी झाल्यावर पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गुंगी, यांतलं काहीही दिसलं तर प्लेटलेटच्या आकड्याची वाट न बघता निघा. आणि डेंगीची शंका असताना तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या आपल्या मनाने नकोत.

रिक्षा, गाडी की १०८

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतात, ऑक्सिजन असतो. बेशुद्ध माणूस, श्वास लागलेला, मोठा अपघात, मानेला किंवा पाठीला मार, यांना रिक्षात कोंबू नका. फोनवर आधी ठिकाण सांगा, मग काय झालं ते. 'द्वारकेजवळ' म्हणून भागत नाही, पुलाच्या कुठल्या बाजूला, कुठल्या दुकानासमोर ते सांगा. मग एका माणसाला रस्त्यावर उभं करा आणि तुमचा फोन मोकळा ठेवा. त्याच नंबरवर गाडीचा फोन येतो आणि त्या वेळी तुम्ही मामांशी बोलत असता.

बाकी दुखण्यांत स्वतःची गाडी चालते. मात्र छातीत दुखणाऱ्याने स्वतः गाडी चालवायची नाही, अंतर एक किलोमीटर असलं तरी.

निघण्यापूर्वी घरी काय करायचं, काय टाळायचं

कुत्रं चावलं, मांजराने ओरबाडलं, माकडाने किंवा बिबट्याने जखम केली, तरी उपाय एकच आणि तो लगेच: वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. पंधरा म्हणजे पंधरा. तिखट, हळद, चुना, तेल काही नाही. जखम धुतलेली असली की आमचं अर्धं काम झालेलं असायचं.

भाजलं तर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. अंगठी, बांगड्या आधी काढा, सूज चढली की कापाव्या लागतात.

निफाड-दिंडोरीकडच्या घरांनी हे नीट वाचावं. द्राक्षबागेत फवारणी करताना किंवा नंतर डोळ्यांना अंधारी, लाळ गळणं, घाम, उलट्या, छातीत घरघर अशी लक्षणं दिसली तर ते ऊन लागलेलं नाही, ते औषध अंगात गेलंय. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका, आणि त्या औषधाची बाटली किंवा निदान लेबलचा फोटो सोबत आणा. 'फवारणीचं औषध' एवढ्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. लेबलवरच्या रसायनाच्या नावावरून उतारा ठरतो.

साप चावला तर आवळून दोरी बांधणं, चिरा देणं, रक्त चोखणं, मांत्रिक, सगळं टाळा. हात-पाय हलू देऊ नका, फळकुट बांधा, धीर द्या. साप पकडायला जाऊ नका. आपल्याकडचे मुख्य विषारी साप नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन या चारही विषांवर एकत्र चालतं. मण्यार फसवते. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, जखम जवळपास दिसत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या माणसाने अशा वेळी थेट घाट ओलांडून नाशिक गाठायचा हट्ट धरू नये. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पहिला डोस मिळाला की पुढचा प्रवास १०८ मधून करता येतो.

संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांज्याने गळा किंवा बोट कापलेले पेशंट येतात. स्वच्छ कापडाने जखमेवर थेट, न सोडता दाब द्या. दर मिनिटाला उचलून बघू नका.

सोबत घ्यायचं: सगळ्या औषधांची पिशवी जशीच्या तशी, जुने रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड, विम्याचं कार्ड, मोबाइलचा चार्जर. पेशंटला खायला-प्यायला काही देऊ नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. शुगर घसरलेल्या शुद्धीवरच्या माणसाला साखर-पाणी देणं हा एवढाच अपवाद.

आत कोण कोण भेटतं

दारात मामा, म्हणजे वॉर्डबॉय, असतात. स्ट्रेचर, खुर्ची, पेशंट कसा उचलायचा, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं समजतं. त्यांचं ऐका. मावशी बेडपॅन, कपडे, साफसफाई बघतात. रात्री चारला पेशंटचा चेहरा उतरलाय हे कित्येकदा सगळ्यांत आधी मावशींच्या लक्षात आलेलं मी पाहिलंय.

मग सिस्टर किंवा ब्रदर. बहुतेकांनी तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग केलेलं असतं, नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची. नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन, शुगर हे आकडे आम्ही घेतो आणि त्यावरून कुणाला आधी बघायचं ते ठरतं. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थोड्या वेळात, हिरवा म्हणजे थांबू शकतो. तुमच्यानंतर आलेल्याला आधी आत घेतलं तर त्याची ओळख आहे असं मानू नका. त्याचा ऑक्सिजन ८२ असेल. पण थांबलेलं असताना तुमच्या पेशंटमध्ये बदल झाला, झोपाळला, घामेजला, श्वास वाढला, तर ओरडू नका, जवळ येऊन सांगा: "सिस्टर, मघापेक्षा वेगळं वाटतंय, परत बघता का?" हे वाक्य कुठलीही सिस्टर टाळत नाही.

बोलायचं एकानेच. असं:

"मी यांची मुलगी. आई, वय अडुसष्ट. शुगर आणि बीपी आहे. रात्री साडेदहाला छातीत भरून आलं, घाम आला, एक उलटी झाली. रोजच्या गोळ्या या पिशवीत. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी आहे. आठ वाजता जेवली."

वीस सेकंद लागतात. दारू घेतली असेल, झोपेच्या गोळ्या खाल्ल्या असतील, गरोदर असण्याची शक्यता असेल, कुणी मारलं असेल, तर चारचौघांत सांगू नका, पण डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगाच. लपवल्याने उपचार चुकतो.

नंतर ड्युटी डॉक्टर. त्यांना कुठे आरएमओ म्हणतात, कुठे सीएमओ. इथे थोडं स्पष्ट बोलते. मोठ्या ठिकाणी रात्री एमबीबीएस असतात, काही ठिकाणी इमर्जन्सी मेडिसिनमध्येच एमडी केलेले. छोट्या हॉस्पिटलांत रात्रपाळीला पुष्कळदा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टर असतात. होमिओपॅथिक डॉक्टरांसाठी आधुनिक औषधांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठानेच सुरू केला, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. मी अशा डॉक्टरांसोबत वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांतल्या काहींनी माझ्या डोळ्यांदेखत माणसं वाचवली. डिग्रीवरून कुणाला हिणवू नका, पण विचारायचा हक्क सोडूही नका. आवाज न चढवता दोनच प्रश्न: "डॉक्टर, आपलं शिक्षण काय?" आणि "मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं का, ते काय म्हणाले?" दुसरा प्रश्न जास्त मोलाचा. गंभीर पेशंटच्या बाबतीत कन्सल्टंटला फोन झालाच पाहिजे, आणि त्यांचं म्हणणं केस पेपरवर वेळेसह लिहिलं गेलं पाहिजे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असावा लागतो, तो बघून ठेवा.

'इथे होणार नाही, पुढे न्या' असं सांगितलं तर संतापू नका. वेळेवर रेफर करणारा डॉक्टर प्रामाणिक असतो. निघताना चिठ्ठी घ्या, तीत दिलेली औषधं आणि वेळ लिहून घ्या, आणि पुढच्या ठिकाणी बेड आहे का हे त्यांनाच फोन करून विचारायला लावा. हा फोन आमच्या बाबांच्या वेळी झाला नव्हता.

डॉक्टर-सिस्टरवर हात उगारणं हा २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्यापेक्षा दुसरं सांगते. एका कॅज्युअल्टीत हाणामारी झाली की बाकीच्या सहा खाटांवरच्या पेशंटकडे अर्धा तास कुणी बघत नाही.

पैसे आणि पोलीस

जीव धोक्यात असेल तर आधी उपचार, मग पैसे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं की अपघातग्रस्ताला कायदेशीर सोपस्कारांसाठी न थांबता उपचार द्यायचे, डॉक्टर सरकारी असो की खाजगी. अपघात, विष, भाजणं, मारामारी यांत हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, त्याला एमएलसी म्हणतात. 'एमएलसी करू नका' म्हणून गळ घालू नका. पुढे विम्याला तीच नोंद लागते. अनोळखी जखमीला आणून सोडणाऱ्याला कुणी अडकवून ठेवू शकत नाही, २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने त्याला संरक्षण दिलंय.

अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर दरपत्रक बघा, ते दर्शनी भागात लावणं खाजगी हॉस्पिटलला बंधनकारक आहे. सरकारची महात्मा फुले योजना तिथे चालते का ते आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, विचारा, आणि पैसे भरण्याआधी विचारा. मेडिक्लेम असेल तर कंपनीला कळवायची मुदत तासांत असते, एका भावंडाला फक्त त्याच कामावर लावा.

घरी सोडल्यावर

निघताना सिस्टरला एकच गोष्ट विचारा: "काय झालं तर परत यायचं?" आणि उत्तर लिहून घ्या. डोक्याला मार लागलेल्याला चोवीस तास एकटं ठेवू नका. पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, न उठणारी झोप, नाका-कानातून पाणी, म्हणजे परत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मार किरकोळ वाटला तरी आधीच सांगा. प्लास्टरखाली दुखणं वाढत गेलं, बोटं निळी किंवा बधिर झाली तर सकाळची वाट बघू नका, तसेच माघारी या. चेहऱ्याचे टाके साधारण पाच दिवसांत काढतात, गुडघ्यावरचे दोन आठवड्यांनी. तारीख विचारून घ्या.

कुत्रं चावल्यानंतरची लस मात्र लोक हमखास अर्धवट सोडतात. जखम सुकते, कुत्रं गल्लीत फिरताना दिसतं, आणि तिसरी सुई राहते. रेबीज एकदा झाला की उपचार नाही. कातडीत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडाच्या स्नायूत दिली जाणारी असेल तर चौदावा दिवस वाढतो. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन लागतं, ते दिलं का हे कार्डावर बघा. राहिलं असेल तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत घेता येतं. घरी पोचलात की चपला काढायच्या आधी भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखांना लाल गोल करा.